इंजिनाची खतावणी

चिपळूण सोडल्यावर पोफळीपर्यंत गाडी कशीही चालून जाते. त्यापुढे कुंभार्ली घाट लागतो, चौथा गिअर तिसऱ्यावर आणि तिसरा दुसऱ्यावर येतो, आणि दुखणे असलेली गाडी तिथे उघडी पडते. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी ती ओढत नाही, वळणावर मिसिंग करते, झटके मारते. माथा ओलांडून हेळवाकला येईपर्यंत डॅशबोर्डवर पिवळा चेक लाइटही लागलेला असतो. पाटणला पोचून गॅरेजात उभी राहिली की मात्र तिचे काहीच बिघडलेले दिसत नाही. बाजारपेठेतून चक्कर मारली तरी इंजिन मऊ चालते. मालक म्हणतो, ‘घाटात लोड घेत नाही.’ मिस्त्री म्हणतो, ‘इथं तर घेतीय की.’ दोघेही खरेच बोलत असतात.

अशा गाडीवर मग अंदाजाचे उपचार सुरू होतात. आधी प्लग, मग कॉइल, मग एअर फिल्टर, शेवटी ‘सेन्सर गेला असेल’ म्हणून सेन्सर. प्रत्येक खेपेला पैसे जातात आणि घाटातले दुखणे घाटातच राहते. वास्तविक त्या चढणीवर मिस्त्री हजर नसला तरी गाडीतला संगणक हजर होता. किती पेट्रोल टाकायचे ठरवले होते, प्रत्यक्षात किती वाढवावे लागले, याचा हिशेब त्याने सेकंदासेकंदाला ठेवलेला असतो. या हिशेबाला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात.

सातारा-सांगलीकडे इंजिनाचा कान असलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, पुढे नदीकाठच्या मळ्यांत पाणी उपसणारी ऑइल इंजिने आली, आणि लांबून ठोका ऐकून बिघाड सांगणारे मिस्त्री गावोगाव तयार झाले. तोच कान कार्बोरेटरच्या गाड्यांनाही पुरला. मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरमध्ये, कार्बोरेटर घेऊनच. मिश्रण जड झाले की सायलेन्सरमधून काळा धूर, पातळ झाले की फटफट. स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि ऐकायचे. या कौशल्यात कमीपणाचे काही नव्हते. आजही कान असलेला माणूस स्कॅनरवाल्याच्या एक पाऊल पुढे असतो. फरक एवढाच पडला की तो स्क्रू आता माणसाच्या हातात राहिलेला नाही. चालत्या गाडीत संगणक स्वतःच तो फिरवत राहतो, आणि म्हणून बराचसा बिघाड कानाला ऐकूच येत नाही. इंजिन मऊ चालते याचा अर्थ ते निरोगी आहे असा नसून, कोणीतरी सतत भरपाई करते आहे असाही असू शकतो.

ही व्यवस्था आली ती धुरामुळे. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुरातले तीन विषारी वायू एकदम निवळतो, पण मिश्रण या प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तरच. कार्बोरेटरला इतकी काटेकोर मोजणी जमत नव्हती. १९७६ मध्ये बॉश कंपनीचा लॅम्डा सेन्सर व्होल्व्होच्या गाडीत बसला आणि जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला हे इंजिनाला पहिल्यांदा कळू लागले. भारतात १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि कार्बोरेटरची जागा इंजेक्टरने घेतली.

आमटी चाखून मीठ घालावे तसे हे काम चालते. ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक, आत आलेली हवा मोजतो आणि तेवढ्या हवेला लागेल तितका वेळ इंजेक्टर उघडा ठेवतो. गरम इंजिन जागेवर आयडलिंगला असताना हा वेळ दोन-अडीच मिलिसेकंदांचा असतो. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर चव सांगतो. झिरकोनियाचा नेहमीचा सेन्सर तापून तीनशे अंशांच्या वर गेला की बोलू लागतो: ०.९ व्होल्टच्या आसपास असेल तर पेट्रोल जास्त, ०.१ च्या आसपास असेल तर कमी. ईसीयू लगेच इंजेक्टरचा वेळ कमी-जास्त करतो. पुन्हा चव, पुन्हा फेरफार. हे अखंड चालते.

यातली क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे अल्पकालीन ट्रिम. ती रोजकीर्द समजावी. आकडा सारखा वर-खाली होत असतो, आणि तसा तो व्हायलाच हवा. पण एकाच बाजूची दुरुस्ती वारंवार करावी लागली, तर ईसीयू तिची नोंद कायमच्या वहीत नेतो आणि पुढच्या वेळी सुरुवातच तेवढे वाढवून किंवा घटवून करतो. ही दीर्घकालीन ट्रिम, म्हणजे खतावणी. बऱ्याच गाड्यांत या खतावणीला अनेक पाने असतात: आयडलिंगचे पान वेगळे, मध्यम वेगाचे वेगळे, भारी लोडचे वेगळे. गाडीची खरी तूट जाणायची तर दोन्ही आकड्यांची बेरीज करावी लागते. एकटी रोजकीर्द शून्यावर दिसली म्हणून हुरळून जाऊ नये; खतावणीत १५ टक्के आधीच चढलेले असतील.

ही वही वाचायला आता मोठे यंत्र लागत नाही. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला एकसारखे सोळा पिनांचे सॉकेट सक्तीचे झाले. भारतात ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सचा, म्हणजे गाडीने आपले दोष आपणच नोंदवण्याच्या व्यवस्थेचा, पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये चारचाकींना लागू झाला. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी ते सॉकेट असते. त्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथ ॲडॉप्टर बसवला की आकडे मोबाइलवर दिसतात. ट्रिमचा आकडा गाडी एकाच बाइटमध्ये पाठवते: १२८ म्हणजे शून्य, आणि त्यापुढचा-मागचा प्रत्येक अंक पाऊण टक्क्याहून किंचित जास्त. म्हणजे १५१ आला तर अधिक १८ टक्के. अडीच मिलिसेकंदांचा फवारा जवळपास तीन मिलिसेकंदांचा झाला आहे, एवढा त्याचा साधा अर्थ.

अधिक म्हणजे ईसीयूला पेट्रोल वाढवावे लागते आहे, वजा म्हणजे कापावे लागते आहे. बेरीज पाचाच्या आत असेल तर कोणी काळजी करू नये. दहाच्या पुढे गेली तर शोध घ्यावा. वीस-पंचवीसच्या दरम्यान, कंपनीकंपनीगणिक थोड्या फरकाने, ईसीयू हात टेकतो आणि चेक लाइट लावतो. कोड येतो पी ०१७१, मिश्रण पातळ. किंवा पी ०१७२, मिश्रण जड. इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. पी ०१७१ दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलणे हा सगळीकडे रुळलेला उपाय आहे. सेन्सरने फक्त मीठ कमी असल्याचे सांगितले होते. सांगणाऱ्याची जीभ बदलून आमटी खारट होत नाही.

तूट किती हा प्रश्न दुय्यम आहे. तूट कधी, हे विचारले की बिघाड सापडू लागतो.

घाटातल्या गाडीकडे पुन्हा येऊ. समजा, गरम इंजिन आयडलिंगला असताना बेरीज अधिक २ येते, उभ्या गाडीत अडीच हजार फेऱ्यांवर अधिक ६, आणि चढणीवर अधिक १८. लोडबरोबर तूट वाढते आहे. याचा अर्थ पेट्रोलची मागणी वाढली की पुरवठा मागे पडतो. टाकीतला पंप थकला असेल, फिल्टर तुंबला असेल, किंवा दाब सांभाळणारा रेग्युलेटर दमला असेल. पाटणच्या बाजारपेठेत या पंपाला काहीच काम नसते, म्हणून तिथे तो नापास होत नाही. बाराशे सीसीचे इंजिन आयडलिंगला सेकंदाला दोन-अडीच ग्रॅम हवा घेते. घाटात तेच पंचवीस ग्रॅमच्या आसपास घेते. पेट्रोलही त्याच पटीत लागते. आता सेन्सर, कॉइल वगैरे विसरून फ्युएल लाइनला प्रेशर गेज लावायचा आणि लोडखाली दाब टिकतो का पाहायचा.

यात एक खोच आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर बऱ्याच गाड्या चव घेणे थांबवतात आणि ठरलेल्या तक्त्यावरून भरपूर पेट्रोल ओततात. त्या वेळी अल्पकालीन ट्रिम शून्यावर गोठते. नवशिका म्हणतो, घाटात तर सगळे ठीक आहे. त्या क्षणी ट्रिमऐवजी सेन्सरच्या व्होल्टकडे बघायला हवे. पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर ते ०.८५-०.९ च्या घरात राहायला हवेत. तिथून ते खाली कोसळले, तर इंजिन पेट्रोलवाचून तळमळते आहे, हे निश्चित.

आता उलटे चित्र. आयडलिंगला अधिक १६, अडीच हजार फेऱ्यांवर अधिक ५, घाटात जवळजवळ शून्य. गाडी जागेवर थरथरते पण चढण मजेत चढते. हे चोरट्या हवेचे लक्षण. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे कुठेतरी पाइप फाटला आहे आणि तिथून न मोजलेली हवा आत शिरते. सेकंदाला ०.३ ग्रॅम चोरटी हवा आयडलिंगच्या दोन-अडीच ग्रॅमांत मोठी तफावत करते, पण घाटातल्या पंचवीस ग्रॅमांत ती कुठल्या कुठे विरून जाते. शिवाय थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडला की मॅनिफोल्डमधली, म्हणजे सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळीतली, ओढच कमी होते. उसाच्या फडाशेजारी किंवा गोठ्यालगत लावलेल्या गाड्यांत या चोराचा साथीदार बहुधा उंदीर असतो. पावसाळ्यात ऊब शोधत तो बॉनेटखाली येतो आणि बोटाएवढ्या जाडीचे रबरी पाइप कुरतडतो. पाइप पकडीने एकेक करून चिमटायचे आणि मोबाइलवरचा आकडा बघायचा. योग्य पाइप चिमटला की अल्पकालीन ट्रिम लगेच उतरते.

मात्र ही परीक्षा सगळ्या गाड्यांना सारखी लागू नाही, आणि परदेशी व्हिडिओ बघून शिकणारे इथेच फसतात. वरचे वर्णन आहे ते येणाऱ्या हवेचे वस्तुमान थेट मोजणाऱ्या, म्हणजे मॅफ सेन्सरच्या गाड्यांचे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि त्यावरून हवेचा हिशेब करतो. चोरट्या हवेनेही तो दाब वाढतोच, म्हणून ती आपोआप हिशेबात धरली जाते आणि तिच्या वाट्याचे पेट्रोलही पडते. ट्रिम फारशी हलत नाही. आयडलिंगच्या फेऱ्या मात्र चढतात, आणि एरवी तीस ते चाळीस किलोपास्कल दिसणारा मॅनिफोल्डचा दाब वर सरकलेला दिसतो. त्यामुळे गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी पाहायचे, मग आकड्यांचा अर्थ लावायचा.

काही वेळा साक्षीदार, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच, चुकीचे सांगतो, तेही काही लबाडी नसताना. एखाद्या सिलिंडरचा प्लग ठिणगी टाकत नसेल तर त्यातले पेट्रोल न जळता बाहेर पडते, आणि त्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, ऑक्सिजन तेवढा कळतो. तो ‘मिश्रण पातळ’ म्हणतो आणि ईसीयू आधीच वाया जाणाऱ्या पेट्रोलात भर घालतो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या जोडाला फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन हाच घोटाळा होतो. म्हणून ट्रिम अधिक आणि प्लगची टोके मात्र काळी, अशी विसंगती दिसली की पंपाला दोष देण्याआधी इग्निशन आणि सायलेन्सरचा जोड तपासणे शहाणपणाचे.

वजा आकड्यांची कारणे थोडी. गळका इंजेक्टर आयडलिंगला जास्त जाणवतो. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठवून हळूहळू इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर पेट्रोल भरल्यानंतरच्या अर्ध्या तासात आकडा दणकून खाली जातो. आणखी एक कारण गावातल्या गाडीला हमखास लागू पडते. घर ते बाजार, बाजार ते घर असे दोन-दोन किलोमीटर चालणारे इंजिन कधी पुरते तापत नाही. थंड सिलिंडरच्या भिंतींवरून थोडे पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. मग एके दिवशी गाडी कराडला जाते, ऑइल तापते, ते पेट्रोल वाफ होऊन पुन्हा इंजिनात येते आणि ट्रिम वजा ८, वजा १० दाखवू लागते. डिपस्टिक हुंगली की उत्तर मिळते. ऑइल बदलणे एवढाच इलाज.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचा उल्लेख करायलाच हवा. किटचे ट्युनिंग ढिले असेल तर गॅसवर चालताना ईसीयू जी भरपाई शिकतो, ती तो खतावणीत लिहून ठेवतो, आणि गाडी पेट्रोलवर आली की तोच चुकीचा हिशेब पेट्रोलला लावतो. डिझेल गाड्यांचा, म्हणजे पाटण-ढेबेवाडी भागातल्या बहुतेक वडाप जीपांचा, प्रकारच निराळा. तिथे ही ट्रिम शोधू नये.

घाट आणि पाऊस यांचाही हिशेब या आकड्यांत उमटतो. चिपळूण जवळपास समुद्रसपाटीला आहे, तर कोयना धरणाची पूर्ण जलपातळी ६५९ मीटर. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. कार्बोरेटरला हे कळत नसे, आणि माथ्यावर मिश्रण जड होत असे. मॅप किंवा मॅफ सेन्सरच्या गाडीला ते कळते, म्हणून नुसत्या उंचीमुळे ट्रिम बिघडायला नको. दमटपणा मात्र या सेन्सरना कळत नाही. आषाढात कोयनेकाठी चोवीस अंशांची, पाण्याने निथळणारी हवा असते. तिच्यात सुमारे तीन टक्के पाण्याची वाफ असते आणि तेवढा ऑक्सिजन कमी. ईसीयू पूर्ण हवा धरून पेट्रोल टाकतो, ऑक्सिजन सेन्सर ‘जास्त झाले’ म्हणतो, आणि ट्रिम दोन-तीन टक्के खाली येते. सडावाघापूरचा उलटा धबधबा बघायला गेलेल्या गाडीने वजा ३ दाखवले तर तो बिघाड नव्हे, ते पाटणचे पावसाळी हवामान आहे.

ऊस तर थेट टाकीत आला आहे. देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचे सरासरी प्रमाण २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्क्यांवर पोचले. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचे पेट्रोल निवडक पंपांवर मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रुळले. मक्यापासून आणि तुकडा तांदळापासूनही इथेनॉल होते, पण कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात हे नाव साखर कारखान्याशीच जोडलेले आहे. इथेनॉलच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला बाहेरची हवा कमी पुरते: एका किलोला फक्त ९ किलो. दहा टक्के मिश्रणाला १४.१ किलो लागते, वीस टक्क्यांच्या मिश्रणाला १३.५. म्हणजे त्याच हवेला सुमारे चार टक्के इंधन जास्त. दहा टक्क्यांच्या हिशेबाने बेतलेल्या गाडीची दीर्घकालीन ट्रिम त्यामुळे तेवढी वर सरकते, आणि शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या जुन्या गाडीत ही सरक आठ टक्क्यांच्या आसपास जाते. ओळखायची खूण अशी की ती आयडलिंगला, सपाटीला आणि घाटात जवळपास सारखीच असते. ॲव्हरेजवरही परिणाम होतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला आहे.

पण मिस्त्रीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच. ज्या जुन्या गाडीचा फिल्टर आधीच अर्धा तुंबला होता आणि घाटात अधिक १४ वर कसाबसा निभावत होता, तिच्या खात्यात इथेनॉलने आणखी सहा-सात टाकले की बेरीज वीस ओलांडते आणि चेक लाइट लागतो. मालक म्हणतो, पेट्रोल खराब मिळाले. पंपवाला म्हणतो, गाडी जुनी आहे. आयडलिंगचा आकडा ७ आणि घाटातला २१ अशी जोडी समोर ठेवली तर भांडण मिटते: ७ इंधनाचे, उरलेले १४ गाडीचे.

ही जोडी मिळवायची तर बॅटरीची वायर काढण्याचा मोह टाळावा लागतो. वायर काढली की अनेक गाड्यांत खतावणीची पाने कोरी होतात, गाडी दोन दिवस बरी वाटते, आणि पुरावा मात्र गेलेला असतो. आधी इंजिन पुरते तापवायचे. आयडलिंगचे दोन्ही आकडे, मग उभ्या गाडीत अडीच हजार फेऱ्यांवरचे दोन्ही आकडे कागदावर घ्यायचे. मग पोफळीपर्यंत खाली उतरून वर यायचे. मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात, गाडी चालवणाऱ्याच्या नव्हे. एक चढण तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, एक पूर्ण दाबून, आणि ट्रिमसोबत सेन्सरच्या व्होल्टचीही नोंद. सुरुवातीच्या अधिक १८ वाल्या गाडीत पंप आणि फिल्टर बदलल्यानंतर तीच चढण, तोच गिअर, तेच वजन. नव्या पंपावर पहिल्या वळणांना अल्पकालीन ट्रिम वजा बारा-तेरा दाखवते, कारण खतावणीत जुनी अठराची थकबाकी अजून चढलेली असते. माथा येईतोवर ती थोडीथोडी वळती होऊ लागते, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर त्याच वळणावर दोन्ही आकड्यांची बेरीज पाचाच्या आत येते.